पासष्ट म्हणजे ए

२ फेब्रुवारी, सकाळी ८

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मी मोठा कधीच झालोय, लिहायचं तेवढं राहिलं होतं.

काल दादाला हॉस्पिटलमधून घरी आणलं. माझ्या घरी. त्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझ्या दुकानामागची खोली तळमजल्यावर, हवेशीर. मीच पुढे होऊन म्हटलं, इकडे आणा. अकरा वर्षांत दादाने माझ्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. कालही पाऊल नाहीच टाकलं, स्ट्रेचरवरून आला. पण आला.

मेंदूचा झटका. वाचा गेली. पाय गेले, उजवा हात गेला. डाव्या हाताची बोटं आणि अंगठा हलतो, दंड उचलत नाही. उजवी पापणी मिटत नाही. डोकं मात्र शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणतात.

वहिनी बरोबर आहेत. दोन पिशव्या घेऊन आल्या आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. मी म्हटलं, आपलंच घर समजा. त्या म्हणाल्या, हो भावजी. त्या 'हो'त काय होतं ते मी लगेच ओळखलं. माझे कान तिखट आहेत. संकोच होता.

संकल्प : रोज एक तास दादाजवळ बसायचं.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

कामामुळे आज बसायला जमलं नाही. दहा मिनिटं उभा राहिलो.

दादा डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघतो. उजवा उघडाच असतो, त्यातून सारखं पाणी येतं. त्याच्या पोटात काहीतरी साठलंय. मला माहीत आहे काय ते.

इथे लिहून ठेवायला हरकत नाही, वाचणारा मीच. आमचा धंदा पाट्या रंगवण्याचा. दुकान दादाने काढलं, ब्रश धरायला मला त्यानेच शिकवलं, हे मी कुणापासून लपवलेलं नाही. कुणी विचारत नाही, म्हणून सांगत नाही. दुकानाच्या पाटीवर दादाचं नाव आणि पुढे 'आणि बंधू'. ते बंधू म्हणजे मी. अकरा वर्षांपूर्वी दादा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस आत होता, तेव्हा मी पाटी नवी करायला घेतली. रंग उडाला होता हो! अक्षरं मोठी घेतली, लांबून दिसावीत म्हणून. जागा पुरेना. दोन्ही नावं बसत नव्हती. एक बसत होतं. माझं बसवलं.

दादा बरा होऊन आला. रस्त्याच्या पलीकडे उभा राहून पाटी वाचली. आत आला, आपले ब्रश पिशवीत घातले, निघून गेला. एक शब्द नाही. तेव्हापासून मला टिल्या म्हणणारं कुणी उरलं नाही. दुकानात मालक, बाहेर साहेब. आपल्या हिमतीवर वर आलेल्या माणसाला एवढं चालतं.

मला फक्त एक शब्द हवा आहे. मोठा नको. 'असू दे' म्हणाला तरी चालेल.

४ फेब्रुवारी, सकाळी ७

सुचलं! दात घासताना सुचलं.

माळ्यावर जुना कॉम्प्युटर आहे. वीस वर्षांपूर्वी स्टिकरची अक्षरं कापायचं मशीन घेतलं, त्याबरोबर आला होता. त्यात बेसिक आहे, प्रोग्रॅम लिहायची भाषा. तेव्हा मी स्वतः त्यात प्रोग्रॅम लिहीत असे. (इन्स्टॉल करायला आलेला टेक्निशियन सांगत असे, मी टाइप करत असे. पण बोटं माझीच.) कापायच्या मशीनची आकड्यांची सुटी पेटी पण आहे, तळहाताएवढी. ती दादाच्या डाव्या हाताखाली ठेवायची. बोटांनी आकडे, अंगठ्याने एंटर.

कॉम्प्युटरच्या पोटात प्रत्येक अक्षराला नंबर असतो. ए म्हणजे पासष्ट, बी म्हणजे सहासष्ट, असं झेडपर्यंत नव्वद. दादा नंबर दाबणार, पडद्यावर अक्षर उमटणार. मशीनला मराठी येत नाही, पण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिता येतं. दादाने जन्मभर दोन्ही लिप्या रंगवल्यात.

दादा बोलणार. माझ्यामुळे बोलणार.

ही म्हणाली, एवढं कशाला, वहिनी विचारतात आणि ते डोळा मिटून हो-नाही सांगतात की. मी म्हटलं, हो-नाही बैलगाडी झाली, मी विमान करतोय.

५ फेब्रुवारी, दुपारी ३

प्रोग्रॅम तयार. तीन ओळी. जास्त असत्या तर मी जास्त लिहिल्या असत्या.

10 INPUT N
20 PRINT CHR$(N);
30 GOTO 10

रन केलं. मशीन प्रश्नचिन्ह दाखवून नंबराची वाट बघत बसतं. पासष्ट दिला, ए आला. हिला हाक मारून दाखवलं. ही म्हणाली, ए तर तिथे कीबोर्डवरच आहे. काही माणसांना विज्ञान समजावता येत नाही.

कोडचा तक्ता पत्र्यावर रंगवायला घेतला. नुसता कसला, शेडिंगसकट. निळी अक्षरं, आकडे लाल. गेल्या काही वर्षांतलं माझं सर्वात चांगलं काम.

'असू दे'चे नंबर पाठ केले : ६५ ८३ ८५ ६८ ६९. आले की तक्त्याकडे न बघता ओळखता यावेत.

६ फेब्रुवारी, सकाळी ११

तक्ता पलंगासमोरच्या भिंतीवर. खोलीत उजेड कमी, म्हणून दुकानातला क्लॅम्पचा दिवा आणला, दोनशे वॉटचा. पलंगाच्या पायथ्याशी लावला. आता आकड्यांची पेटी, दादाचा हात, दादाचा चेहरा, सगळं लख्ख.

डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली होती. ती काढली. तक्ता वाचायला दोन्ही डोळे हवेत.

मी त्याचं बोट धरून पासष्ट दाबलं. ए. दादा पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने आपल्या आपण, कुणी न सांगता, ६८ दाबलं. डी! डी म्हणजे दादा! स्वतःचं नाव लिहितोय! माझ्या अंगावर काटा आला.

मग ७३ दाबलं. आय.

दादामध्ये आय कुठे असतो? चुकला बिचारा. दोन आकडी नंबर त्याला जड जातायत. उजव्या डोळ्यातून धारा लागल्या होत्या. भावना अनावर झाल्या. जास्त ताण नको म्हणून मशीन बंद केलं.

७ फेब्रुवारी, सकाळी ९

सुधारणा करायचं ठरवलं. ए म्हणजे पासष्ट कशाला? ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन करू. दादाला छोटे आकडे दाबायचे, बेरीज मशीन करेल. लाइन वीस बदलली : N च्या जागी N+64. दोन मिनिटांचं काम. इंजिनिअर लोक याचे महिने लावतात.

त्याप्रमाणे तक्त्यावरचे आकडेही बदलायला हवेत. उद्या रंगवतो.

वहिनींना काम दिलं. दादा जे आकडे दाबेल ते कागदावर उतरवून ठेवायचे, पडद्यावरचं वर सरकून जातं. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. जुन्या ऑर्डर फॉर्मचा गठ्ठा दिला, मागची बाजू कोरी आहे.

८ फेब्रुवारी, दुपारी १

एका शाळेची मोठी पाटी आली, अर्जंट. तक्ता उद्या.

दादाने सकाळी बराच वेळ दाबादाबी केली. दुकानात पाटी रंगवत असताना मला टकटक ऐकू येत होती. कान तिखट. जेवायला जाताना डोकावलो. पडद्यावर अक्षरं कसली, एच्या डोक्यावर दोन टिंबं, ईच्या डोक्यावर दोन टिंबं, यूला टोपी, आणखी एका यूला टिंबं. पन्नास वर्षं अक्षरांच्या धंद्यात आहे, असली अक्षरं रंगवली नाहीत.

बोट घसरत असेल.

९ फेब्रुवारी, सकाळी १०

पुन्हा तीच चार टोपीवाली. दोनदा.

खोलीत गेलो तर दिवा बंद. वहिनींनी केला होता. मी म्हटलं, वहिनी, वीजबिलाची काळजी माझ्यावर सोडा. त्या काहीतरी बोलणार होत्या. मग 'बरं' म्हणाल्या. दुसऱ्याच्या घरात राहताना माणूस काटकसर करतो, मला कौतुक वाटलं. दिवा लावला. दादा लगेच टकटक करू लागला. म्हणजे बघा, उजेड मिळाला की त्याला हुरूप येतो.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी ५

शाळेच्या पाटीचा दुसरा हात. तक्ता राहिला.

खोलीचं पार्टिशन प्लायचं आहे. ही वहिनींना म्हणत होती, तुम्ही सांगत का नाही त्यांना. वहिनी म्हणाल्या, सांगून बघितलं. ही म्हणाली, त्यांना ऐकू सगळं येतं, आत शिरत काही नाही.

दादाबद्दल बोलत होत्या. बायकांनाही पटलं म्हणायचं, की त्याच्या डोक्यात काही शिरत नाही.

१२ फेब्रुवारी, सकाळी ९

दिवा पुन्हा बंद. पुन्हा लावला. स्विचवर चिकटपट्टी लावली.

१३ फेब्रुवारी, दुपारी १२

डॉक्टर आले होते. उजवा डोळा लाल झालाय म्हणाले, पट्टी का काढली. मी त्यांना सगळी पद्धत समजावून सांगितली. तक्ता दाखवला. अक्षर बघून खूश झाले. त्यांच्या दवाखान्याची पाटी करून देतो म्हटलं. पट्टी लावाच, म्हणाले. हो म्हटलं.

मग मी त्यांना बाजूला घेऊन पडद्यावरची टिंबं दाखवली. विचारलं, डोकं शाबूत असलेला माणूस असं लिहील? त्यांनी खूप वेळ बघितलं. कदाचित आतल्या आत आणखी एखादा झटका येऊन गेला असेल, म्हणाले. तपासणीसाठी पुन्हा हॉस्पिटलला नेता येईल, पण न्यावं असं त्यांना वाटत नाही.

मला शंका होतीच. डॉक्टरच्या आधी आली.

दादा आम्हा दोघांकडे बघत होता. डॉक्टर गेल्यावर खूप जोरात दाबत राहिला. अंगठा इतका आपटत होता की पेटी सरकली. वहिनींनी ती परत त्याच्या हाताखाली ठेवली आणि आकडे उतरवत बसल्या. त्यांना कसं सांगायचं की आता त्यात काही राहिलं नाही?

१४ फेब्रुवारी, रात्री ८

पट्टी लावली. दुपारी काढली. डोकं गेलं असलं तरी प्रयत्न सोडायचे नाहीत. मी सोडणारा असतो तर आज रस्त्यावर असतो.

तक्ता बदलायला आता तसा अर्थ नाही.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

आज धीर करून वहिनींना सांगितलं. दादाला आता काही कळत नाही, ही फक्त बोटांची सवय आहे, कोंबडीचं मान कापल्यावर होतं तसं. (ही उपमा नको होती.) वहिनी उभ्या राहिल्या. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलल्या.

"भावजी, त्यांना सगळं कळतंय. कळत नाहीये ते तुम्हाला."

दुःखाने माणूस कडवट होतो. मी मनावर घेतलं नाही. त्यांनी दिव्याकडे बोट दाखवून आणखीही काही सांगायला सुरुवात केली होती, तेवढ्यात शाळेचे मुख्याध्यापक आले.

पाटीत शाळेच्या नावातला एक काना राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा. मनावर ताण आहे.

१८ फेब्रुवारी, दुपारी ४

एक तास बसायचा संकल्प आज पूर्ण केला. पूर्ण नाही, चाळीस मिनिटं.

दादाशी बोललो. डोकं गेलेल्या माणसाशी बोलायला सोपं असतं. पाटीचं सांगितलं. जागा खरंच पुरत नव्हती, म्हटलं. मग म्हटलं, थोडी पुरत होती. मग म्हटलं, अक्षरं लहान केली असती तर दोन्ही नावं सहज बसली असती, मी मापं काढली होती, दोन्ही प्रकारे काढली होती. हे मी आजवर हिलाही सांगितलेलं नाही.

दादा टकटक करत होता. नेहमीपेक्षा जास्त दाबलं. नेहमीची चार आली, पण त्याआधी पाच वेगळी टोपीवाली. वहिनी नळावर गेल्या होत्या, म्हणून मीच ते आकडे त्यांच्या कागदावर उतरवले. अर्थ बघितला नाही. अर्थ नसलेल्या गोष्टीचा काय बघायचा?

मी म्हटलं, असू दे म्हण ना रे. बोट थांबलं. डावा डोळा माझ्यावर. उजव्यातून पाणी. मला वाटतं आतून कुठेतरी त्याने मला माफ केलंय. मशीनला ते सांगता येत नाही, एवढंच.

हलकं वाटलं. दोन वाट्या जास्त जेवलो.

२१ फेब्रुवारी, सकाळी ११

ताप. छातीत कफ. डॉक्टर दोनदा आले. उजव्या बुबुळावर पांढरा ठिपका पडलाय. त्याचं आता काही करण्यात अर्थ नाही, म्हणाले.

टकटक कमी. पाटीला काना दिला.

२३ फेब्रुवारी, दुपारी २

शेवटचा प्रयत्न म्हणून दिवा पलंगाच्या पायथ्यावरून काढून उशाशी, हातभर अंतरावर लावला. म्हटलं, दिसत नसेल त्याला. वहिनी म्हणाल्या, नका हो. मी म्हटलं, प्रयत्न करायला नको का? दादाने दोन नंबर दाबले. मग थांबला. मग काहीच नाही.

चला, निदान शांत तरी झाला.

२५ फेब्रुवारी

पहाटे गेला.

२८ फेब्रुवारी, सकाळी १०

बरीच माणसं भेटून गेली. सगळ्यांना प्रोग्रॅमचं सांगितलं. शेवटपर्यंत प्रयत्न केले, म्हणाले. एकाने पाठीवर हात ठेवला. तक्त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं.

संकल्प : दुकानाची पाटी पुन्हा करायची. दादाचं नाव, 'आणि बंधू'. जुन्या मापांचा कागद सापडतोय का बघतो.

२ मार्च, दुपारी १२

वहिनी आपल्या घरी गेल्या. दोन पिशव्या. मी म्हटलं, राहा की. त्या म्हणाल्या, नको भावजी. त्या 'नको'त काय होतं ते ओळखायला तिखट कानांची गरज नव्हती.

जाताना ऑर्डर फॉर्मचा गठ्ठा माझ्या हातात दिला. तुम्ही उतरवायला सांगितलं होतं, म्हणाल्या. व्यवस्थित तारीखवार. मग दारात थांबल्या.

"ते काय म्हणत होते ते मला आकड्यांशिवाय कळत होतं. तुम्ही तेवढं आकड्यांनी बघा."

३ मार्च, सकाळी ९

बघणार नव्हतो. शाळेच्या पाटीची फ्रेम करायची होती.

सहज दादाच्या खोलीत वरचा कागद बघितला. दादाने दाबलेले आकडे अडुसष्ट, त्र्याहत्तर, शहाऐंशी असे. हे छोटे आकडे नव्हेत. मी तर ए म्हणजे एक केलं होतं. हा पासष्टच्या हिशेबाने का दाबत होता?

मान वर केली. समोर तक्ता. निळी अक्षरं, लाल आकडे, शेडिंग. ए म्हणजे पासष्ट.

उद्या रंगवतो म्हटलं होतं.

दादा तक्त्यात बघून बरोबर दाबत होता. मशीन त्याच्या प्रत्येक आकड्यात चौसष्ट मिळवून टिंबं दाखवत होतं. कारण मी त्याला तसं सांगितलं होतं. डॉक्टरला मी टिंबं दाखवली. आकडे दाखवले नाहीत.

३ मार्च, सकाळी ११

पेन्सिल घेऊन बसलोय. आधी 'असू दे'चे ६५ ८३ ८५ शोधले. सगळे कागद दोनदा पालथे घातले. नाही.

मग पहिली ओळ तक्त्यावरून लावली. ६८ डी. ७३ आय. ८६ व्ही. ६५ ए.

दिवा.

दुसरी ओळ. दिवा. तिसरी, दिवा. पहिल्याच दिवशी डी आणि आय आले होते. मीच मशीन बंद केलं.

डॉक्टर आले होते त्या दिवशीच्या अकरा ओळी. आकडे वहिनींनी घाईत काढलेत, पण वाचता येतात. अकराही वेळा दिवा.

३ मार्च, दुपारी १

एकूण एकेचाळीस ओळी. एकोणचाळीस सारख्या आहेत.

एक वेगळी. अठरा फेब्रुवारीची, मी पाटीचं सांगत होतो तेव्हाची, माझ्याच हाताने उतरवलेली. ८४ ७३ ७६ ८९ ६५, आणि पुढे नेहमीचे चार. ही शेवटी लावायची म्हणून बाजूला ठेवली होती. बराच वेळ ठेवली. टी, आय, एल, वाय, ए.

टिल्या, दिवा.

अकरा वर्षांनी हाक मारली. राग असता तर टिल्या म्हणाला नसता, असं इथे लिहिणार होतो. पण ते पाटीबद्दल नव्हतं. पाटीचं त्याच्या ध्यानीमनी तरी होतं की नाही, देव जाणे. डोळा जळत होता, आणि समोर मी होतो, आणि दिवा माझ्या हाताशी होता.

उरलेली एक ओळ अर्धीच आहे. ६८ ७३. तारीख तेवीस फेब्रुवारी. त्या दिवशी काय झालं ते आठवेना, म्हणून रोजनिशीत मागे जाऊन बघितलं. नोंद आहे. 'चला, निदान शांत तरी झाला.' अक्षर माझंच. वळणदार आलंय.